पगारेंचं तिसरं कडवं

इरा, अर्णव,

मागच्या डिसेंबरात तुम्ही नाशिकला आलात, तेव्हा पहिल्याच सकाळी पांघरुणासकट माझ्या खोलीत येऊन उभे राहिला होतात. गच्चीवर कोणीतरी कोणालातरी मारतंय आणि मार खाणारा गातोय, असं अर्णवचं म्हणणं होतं. त्यातलं निम्मं खरं होतं. गच्चीवर आपल्या समोरच्या दारातले पगारे गात होते. ते रोज सकाळी साडेसहाला गातात आणि गाण्याआधी दोन्ही हातांना मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत सुती पट्ट्या गुंडाळतात. मुष्टियुद्धाच्या हातमोज्यांखाली बांधतात त्या. हातमोजे घालत नाहीत, एवढीच काय ती गाण्याला दिलेली सवलत.

"हात बांधल्याशिवाय गळा सुटत नाही, बाई," हे त्याचं त्यांनी मला दिलेलं स्पष्टीकरण. मी शाळेत शिकवत होते म्हणून ते मला बाई म्हणतात.

या पट्ट्या धुऊन त्यांच्या गॅलरीत त्यांच्या पत्नी कमलताईंच्या साड्यांशेजारी वाळत असतात. मध्यंतरी दूधवाला बदलला. नव्याने पहिल्याच दिवशी त्या लांबच लांब पट्ट्या पाहिल्या आणि दबक्या आवाजात विचारलं, "घरात कोणाला लागलंय का?"

कमलताई म्हणाल्या, "अजून नाही. आता गातील, मग लागेल."

पगारे सत्तरीच्या पुढचे आहेत, पण पाठ अशी ताठ की त्यांच्याशेजारी उभं राहिलं की आपोआप आपलीही होते. तरुणपणी ते मुष्टियुद्धात राज्याचे विजेते होते. त्यांच्या दिवाणखान्यात तेव्हाचा फोटो आहे. अर्ध्या चड्डीतला एक सडपातळ मुलगा, गळ्यात पदक आणि एक डोळा पूर्ण मिटलेला. नाक एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मोडल्यामुळे शेवटी सरळच राहिलं आहे. मात्र गाताना त्याचा उपद्रव होतो. गळ्यातून चांगला निघालेला सूर नाकापाशी येऊन थबकतो आणि पत्ता विचारत विचारत बाहेर पडतो.

खेळामुळे त्यांना सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली. विजेतेपदानंतर त्यांनी गाणं सुरू केलं आणि ते हौसेपुरतं नव्हतं. एका गायन पार्टीचे ते मुख्य गायक होते. जयंतीला, लग्नाला, गावोगावच्या कार्यक्रमांना त्यांना बोलावणी असत. एक कॅसेटही निघाली होती. तिच्या वेष्टनावर ते हातमोजे घालून पेटीपुढे बसले आहेत. त्या हातांनी पेटीची कुठली पट्टी वाजली असती, हे छायाचित्रकाराला विचारायला हवं होतं.

जाहिरातीत त्यांचं नाव 'मुष्टियोद्धा गायक' असं छापत. त्यामुळे लोकांचा थोडा घोटाळा व्हायचा. सायखेड्याला आयोजकांनी मंचाला चारी बाजूंनी दोर बांधून ठेवले होते. नांदगावला श्रोत्यांनी दोन तास शांतपणे गाणी ऐकून घेतली आणि शेवटी मागून एकाने विचारलं, "गाणी झाली. आता फाइट कोणाशी हाय?"

"मग काय केलंत?" मी विचारलं होतं.

"काय करणार. तबलजीला उभं केलं समोर आणि फुटवर्क दाखवलं. तबलजीने पुढच्या कार्यक्रमाला यायला नकार दिला."

जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एकच सल्ला आहे, "गार्ड वर." म्हणजे दोन्ही मुठी हनुवटीपाशी, तोंड झाकून. मी भाजी आणायला निघाले की जिन्यात म्हणतात, "गार्ड वर, बाई. मेथीवाला पहिला भाव वरचा मारतो." माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा सकाळीच दवाखान्यात येऊन खाटेशी उभे राहिले. "गार्ड वर. आणि श्वास सोडत राहायचा. श्वास धरून ठेवला की माणूस पडतो." थोड्या वेळाने भूलतज्ज्ञ आले आणि त्यांनीही श्वासाचं तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

माणसांची आणि गाण्यांची ते वजनाप्रमाणे वर्गवारी करतात. आपल्या सोसायटीचे अध्यक्ष हेवीवेट, पण पाय हलत नाहीत. मी फेदरवेट, पण हात लांब. पाळण्याचं गाणं फ्लायवेट. "हलकं दिसतं म्हणून सोपं समजू नका, बाई. फ्लायवेटवाले फार पळवतात."

पण खरी गंमत त्यांच्या रियाजाच्या पद्धतीत आहे. मुष्टियुद्धात तीन मिनिटांची फेरी असते, मग एक मिनिट विश्रांती, मग पुन्हा फेरी. पगारे तसंच गातात. कमलताई खाली स्वयंपाकघरात घड्याळ बघून पोळ्या लाटतात आणि तीन मिनिटं झाली की खिडकीतून हात बाहेर काढून स्टीलच्या ताटावर पळी मारतात. तो टण्ण आवाज झाला की पगारे असतील तिथे थांबतात. ओळ संपवत नाहीत, शब्दही नाही. निळ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतात, पाय लांब करतात, पाण्याची चूळ भरून बादलीत टाकतात. मिनिट झालं की पुन्हा ताट, पुन्हा गाणं. एकदा ते 'चंद्र' शब्दातल्या 'चं'वर थांबले होते. खालची आठ बिऱ्हाडं पूर्ण एक मिनिट चहाचे कप हातात धरून उरलेल्या चंद्राची वाट बघत होती.

"शब्द तरी पुरा करत जा," मी एकदा म्हटलं.

"घंटा झाल्यावर मारलेला ठोसा फाउल असतो, बाई," ते म्हणाले.

आता या वर्षीची हकिकत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने गाण्याची स्पर्धा ठेवली. नियम मी लिहिले. प्रत्येकाला चार मिनिटं. तीन मिनिटं झाली की एक घंटी, म्हणजे एक मिनिट उरलं. चार झाली की दोन घंट्या, म्हणजे संपलं. माझं घड्याळ बरोबर चालतं म्हणून घंटी माझ्याकडे दिली होती.

नावं द्यायच्या पहिल्याच दिवशी पगारे आले.

"बाई, नाव लिहा. तीन कडव्यांचं गाणं आहे. तिन्ही झाली पाहिजेत."

"चार मिनिटांत बसतंय का?"

"तीन मिनिटं चाळीस सेकंद. मोजलंय. घोटीहून माझा दोस्त येतोय, गोविंद. पहिली दोन कडवी त्याचीच आहेत. त्याला तिसरं ऐकवायचंय."

"तिसरं कोणाचं?"

ते हातांकडे बघायला लागले. एवढा मोठा माणूस लाजला की कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. "तिसरं नवीन आहे," एवढंच म्हणाले.

"बक्षीस मिळवायचा विचार दिसतोय."

"बक्षीस गेलं उडत. तिसरं कडवं त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे. एवढंच."

मी त्यांना घंटीचा नियम सांगितला. एक घंटी झाली तरी थांबायचं नाही, हे दोनदा सांगितलं आणि त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. त्यांनी चांगल्या विद्यार्थ्यासारखं म्हणून दाखवलं. मी बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं आहे. धडा म्हणून दाखवणारा मुलगा परीक्षेत काय लिहील याची खात्री नसते, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

स्पर्धा रविवारी दुपारी चारला होती. गोविंदराव पहिल्या एस.टी.ने येऊन पगारेंकडे जेवून आले होते. लहानखुरा, काटक माणूस, पांढरा पायजमा आणि टोपी, काखेत पगारेंसाठी आणलेली नव्या तांदळाची पिशवी. ती त्यांनी घरी ठेवलीच नव्हती. ते पहिल्या रांगेत आले आणि त्यांनी खुर्ची उचलून उलटी फिरवली. मंचाकडे पाठ, श्रोत्यांकडे तोंड करून, पिशवी मांडीवर घेऊन बसले.

मी खुर्ची सरळ करायला सांगणार होते, तेवढ्यात कमलताईंनी माझा हात धरला.

"राहू द्या, बाई. भावजींना ऐकू येत नाही. ते असंच ऐकतात."

"असं म्हणजे कसं?"

"लोकांची तोंडं बघून. समोरून सावकाश बोललं तर ओठांवरून त्यांना कळतं थोडंफार. गाण्याचं तसं नाही. गाणं ते लोकांच्या तोंडावरच बघतात."

"मग यांनी ते कडवं लिहून का दिलं नाही?"

"दिलं होतं की. घेतलं नाही. म्हणाले, गाणं कागदावर कळत नसतं, चार माणसांसमोर ठेव. म्हणून तर हा सगळा खटाटोप."

पहिले पाच-सहा स्पर्धक झाले. एक अनोळखी माणूस टक लावून आपल्याकडे बघतोय म्हटल्यावर श्रोते सावरून बसले होते. आमच्या संघाच्या कार्यक्रमात कोणी डुलकी काढली नाही असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

मग पगारे आले. पांढरा सदरा, आणि हातांना स्वच्छ पट्ट्या. पेटीवाल्याने आधी पट्ट्यांकडे पाहिलं, मग दाराकडे. पगारेंनी सुरुवात केली.

थांब जरा गाडीवाना, काही मागं राहिलं,
भाताच्या त्या खाचरात माझं पाऊल राहिलं.

गाणं साधं होतं. गाव सोडून निघालेला माणूस गाडीवानाला थांबवतो आणि मागे काय काय राहिलं ते सांगतो. पहिल्या कडव्यात शेत, दुसऱ्यात आईची हाक. सूर नाकापाशी अडखळत होता, पण शब्द चांगले होते. लोक माना हलवू लागले. त्या माना बघून गोविंदराव एक ठेका मागून मान हलवत होते आणि त्यांचे ओठ पुटपुटत होते. दुसरं कडवं संपलं. पगारेंनी पट्टी बांधलेला हात छातीशी नेला, गोविंदरावांच्या पाठीकडे पाहिलं आणि तिसरं कडवं सुरू केलं.

"तुझ्या कानातलं..."

तीन मिनिटं झाली. मी घंटी वाजवली.

पगारे थांबले. वळले, मंचाच्या डाव्या कोपऱ्यात गेले, तिथल्या रिकाम्या खुर्चीवर बसले, पाय लांब केले, हात मांडीवर टाकले आणि पाण्यासाठी तोंड उघडलं. तबला चार मात्रा एकटाच पुढे गेला आणि बिचकून थांबला.

मग मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि तिथून हसू पुढे सरकत पहिल्या रांगेपर्यंत आलं. मी उभी राहून हातांनी 'गा, गा' अशा खुणा केल्या. पगारेंनी मान डोलावून मला धीर दिला की काळजी नको, दम घेतोय. मागून कमलताई ओरडल्या, "अहो, ते ताट नाही, घंटी आहे." त्याने तर लोक खुर्च्यांवरून खाली यायचे राहिले.

चार मिनिटं झाली. मला तेव्हा घड्याळ बाजूला ठेवता आलं असतं. पण हाताला सवय होती. मी दोन घंट्या वाजवल्या. पगारे ताडकन उठले, मंचाच्या मधोमध आले, मुठी हनुवटीपाशी नेल्या आणि गायला तोंड उघडलं. अध्यक्षांनी डोळे पुसत पुढचं नाव पुकारलं. पगारे मुठी तशाच धरून माझ्याकडे बघत राहिले. काय झालं ते त्यांच्या लक्षात येताना मला दिसत होतं.

ते खाली आले. गोविंदराव उठून उभे राहिले होते आणि हसून हसून त्यांना धाप लागली होती.

"सुखदेव, लय भारी," ते पगारेंच्या पाठीत थाप मारून म्हणाले. "तिसरं कडवं एक नंबर. असे लोक हसताना मी पाह्यले नाय. तू हसायचं लिहितोस हे मला म्हाईत नव्हतं."

पगारेंनी मान हलवली. हो म्हणाले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. त्यांना पडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

स्पर्धा संपल्यावर सगळे व्हरांड्यात बटाटेवड्यांकडे गेले. मी कमलताईंना बाजूला घेतलं आणि विचारलं, की त्या कडव्यात असं काय होतं.

"मलाही ऐकवलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला ठाऊक नसेल, बाई, यांच्या फायनलला समोर भावजी होते. तो भिंतीवरचा फोटो त्याच दिवसाचा. यांचा एक ठोसा भावजींच्या कानावर बसला. पडदा फाटला. मग हळूहळू दुसरा कानही गेला."

"आणि गाणं?"

"गाणं भावजींचंच होतं हो. पार्टी त्यांची, गाणी त्यांनी लिहिलेली, आवाज तर असा गोड. हे तेव्हा न्हाणीघरातसुद्धा गुणगुणत नव्हते. कान गेला तसा भावजींचा सूर सुटला. पार्टी बंद पडायला आली, तेव्हा हे घोटीला जाऊन बसले. भावजी म्हणाले, तूच म्हण आता माझी गाणी. तेव्हापासून म्हणतायत. या गाण्याचं तिसरं कडवं भावजींचं लिहायचं राहून गेलं होतं. इतकी वर्षं हे पहिलंच पुन्हा म्हणून गाणं संपवायचे."

"त्या ठोशाबद्दल कधी बोलले नाहीत?"

"कोणीच विषय काढत नाही. हे जातात, ते येतात, तांदूळ आणतात, जेवतात. पन्नास वर्षं होतील आता."

मी सभागृहात परत गेले. आतमध्ये ते दोघेच होते. गोविंदराव अजून त्याच उलट्या खुर्चीवर बसून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत अधूनमधून हसत होते. पगारे बाजूला उभे राहून हातावरची पट्टी उगाच सारखी करत होते.

गोविंदराव मला म्हणाले, "बाई, लोक मला सांगतात, तुमची गाणी हा लय बेसूर म्हणतो. मी म्हणतो, म्हणू द्या. मला कुठं ऐकायचंय."

मी एक खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसले. पगारेंना म्हटलं, "तिसरं कडवं म्हणा."

"लोक नाहीत, बाई."

"मी आहे. त्यांच्या मागे उभे राहा आणि म्हणा."

पगारे खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. पेटी नव्हती, तबला नव्हता. त्यांनी एकदा घसा साफ केला आणि म्हटलं.

तुझ्या कानातलं गाणं माझ्या हातानं नेलं,
जपून जपून गाइलं, तरी बेसूरच झालं.
थांब जरा गाडीवाना, बोलायचं राहिलं.

प्रत्येक ओळीला सूर चुकला. शेवटच्या ओळीला तर आवाजच राहिला नाही, नुसता श्वास आला. गोविंदराव माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कसं कळणार, पण त्यांचं हसू थोडं थोडं करत उतरत गेलं आणि शेवटी ते अगदी गंभीर होऊन माझ्याकडे वाकून बघायला लागले.

गाणं संपलं ते त्यांना समजलं. ते मागे वळले नाहीत.

"बाई, हे हसायचं नव्हतं का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"यानंच लिव्हलंय?"

मी हो म्हटलं.

ते मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिले. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी चटणी मागत होतं.

"बेसूर होतं का?" त्यांनी विचारलं.

मुलांनो, बत्तीस वर्षांत मी कोणाला अर्धा मार्कसुद्धा वाढवून दिलेला नाही. मी मान हलवली. नाही म्हटलं.

"खोटं बोलताय," गोविंदराव म्हणाले. "पण ऱ्हाऊ द्या."

मग त्यांनी मागे न बघताच हात खांद्यावरून मागे नेला, चाचपत चाचपत पगारेंच्या सदऱ्याची बाही पकडली आणि घट्ट धरून ठेवली.

"अजून एकदा म्हण," ते म्हणाले. "बाई ऐकतायत."